घाटातलं ग्राफिक्स कार्ड

"हौसाक्का, तो तुमचा रुमाल उचला. ती सीट जावयांची आहे," मी म्हटलं.

"बोर्ड लावलाय काय तसा?" असं म्हणत हौसाक्का रुमालासकट खुर्चीत बसल्याच. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांना गाडी लागते.

गाडी म्हणजे आमचा बाहेरचा सोपा. मंडपवाल्याकडून आणलेल्या लाल खुर्च्यांच्या दोन रांगा, मध्ये जायला वाट, पुढं टेबलावर टीव्ही. टीव्हीला तारेनं जोडलेला लॅपटॉप आणि टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळलेलं स्टेअरिंग. खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. त्या स्टेअरिंगसमोर खाकी शर्ट घालून, तोंड धुऊन, कपाळाला बुक्का लावून आमचे हे बसायचे. कॉम्प्युटरच्या खेळातली एसटी चालवायला.

हसू नका. मीही हसायचे, नंतर बंद केलं.

आमचे हे, हणमंत पानस्कर, पाटण डेपोला ड्रायव्हर होते. पाटण-चिपळूण, कुंभार्ली घाट, उमेदीची सगळी वर्षं त्या रस्त्यावर गेली. कधी कुणाला खरचटलं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता, तो लेकीच्या लग्नातही कोटावर होता. मग एका वर्षी डोळे तपासले आणि काचबिंदू निघाला. समोरचं दिसतंय, कडेचं गेलंय, त्यातून डावीकडचं जास्त. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. थेंब घालत राहा, आहे ते राखू. आणि एक लक्षात ठेवा, काय दिसत नाही ते त्यांना स्वतःला कळत नाही."

डेपोत हलकं काम देत होते. ह्यांनी घेतलं नाही. "दुसऱ्यानं आणलेली गाडी धुतली का नाही ते बघत बसू?" असं म्हणून घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. रस्त्यावरनं एसटी गेली की गिअर टाकल्याच्या आवाजावरनं सांगायचे, "शेडगे हाय. क्लच जाळतोय." दिवसभरात बोलणं म्हणजे तेवढंच.

त्यात हा लॅपटॉप आला. आमचे जावई संग्रामराव पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर, घरी आले की खेळायचा वेगळा. पाट्यावरवंट्यातल्या पाट्याएवढा जड, चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा, आणि बटणांखाली गणपतीतल्यासारखी रोषणाई. मी त्याला पाटाच म्हणायचे. आमची वैजू एकदा तो उचलून थेट पाटणला घेऊन आली. "आई, हा तुझ्याकडं ठेव. एका घरात हा तरी राहील नाहीतर मी तरी."

तेव्हापासून जावयांना सासुरवाडीची ओढ लागली. गावात सगळे म्हणायचे, पानस्करांनी नशीब काढलं, असा जावई मिळायला पुण्य लागतं. दर पंधरवड्याला यायचे, सासऱ्यांना नमस्कार करायचे आणि पाट्यासमोर बसायचे. एकदा ह्यांना म्हणाले, "बाबा, यात बस पण चालवता येते," आणि पुढच्या खेपेला पुण्याहून स्टेअरिंग घेऊन आले. कुठल्याशा हौशी पोरानं त्या खेळात लाल एसटी बनवून घातली होती. घाट कुठल्या परदेशातल्या डोंगराचा होता. ह्यांनी पाच मिनिटं तो निरखून बघितला आणि ठरवून टाकलं, हा कुंभार्ली. तिथल्या सुरूच्या झाडाला ते आंबा म्हणायचे. वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी टीव्हीची काच ओल्या फडक्यानं पुसली, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला, आणि गाडी सुरू करायच्या आधी मागं वळून मला म्हणाले, "दार लावलंस का?" मी उठून घराचं दार लावलं. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला काहीतरी काम सांगितलं होतं.

मग माणसं यायला लागली. आधी लोहार मास्तर, ह्यांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. मग हौसाक्का. मग गल्लीतले चारपाच. खिडकी नसताना खिडकीच्या सीटवरून भांडणं. एकजण तर म्हणाला, "जरा कोयनानगरला थांबवा, चहा घेऊ," आणि ह्यांनी खरंच थांबवली. मी चहा केला.

सगळं छान चाललं होतं, एक वळण सोडून. घाटात निम्म्यावर एक डावीकडचं वळण होतं. डाव्या कडेला पांढरे दगड, दगडांपलीकडं दरी. तिथं झाडी दाट आणि धुकं. गाडी तिथं आली की टीव्हीवरचं चित्र अडखळायचं, म्हणजे क्षणभर थिजायचं, मग उडी मारून पुढं जायचं. त्या उडीत गाडी दरीत. पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदा हौसाक्कांनी पिशवी उघडली. तिसऱ्यांदा लोहार मास्तर बोलून गेले, "हणमंतराव, आणि तुमच्या हातनं?"

ह्यांनी स्टेअरिंग सोडलं. आठवडाभर पाट्याला हात लावला नाही. मी डोळ्यांत थेंब घालताना माझं मनगट धरलं. "शालन, खरं सांग. मला दिसत न्हाई म्हणून हुतंय का?"

"चित्रच अडखळतंय हो," मी म्हटलं. "मलासुद्धा दिसतं अडखळताना."

ते खरं होतं, मी अडखळणं बघितलं होतं.

ते उठून बसले. "मग जावयांना सांग. काय ते मशिनीचं असंल ते नीट करा म्हणावं. आणि धोंड्याच्या जेवणाला बोलवायचंच हाय त्यांना, त्याच दिवशी सगळी माणसं बोलवू. वळण निघालं तर निघालं."

"आणि नाही निघालं तर?"

"तर ते स्टेअरिंग पुण्याला धाडून दे. आन् मला कुणी पुन्यांदा ड्रायव्हर म्हणायचं न्हाई."

मला पाट्याची भीती नव्हती. मी शाळेत सातवीपर्यंतच गेले. पुढचं लेकीच्या पुस्तकांतून आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंतून जमेल तसं उचललं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लॅपटॉपमधलं चित्र काढणारं यंत्र, आणि कंपनीनं त्याला जो वेग ठरवून दिलेला असतो त्याच्यापेक्षा जास्त पळवायचं म्हणजे ओव्हरक्लॉक, हे मला कळलं होतं. व्हिडिओतली सगळी पोरं एकच सांगायची: थोडं थोडं वाढवा, दरवेळी तपासा, तापमानावर डोळा ठेवा, व्होल्टेजला हात लावू नका, लॅपटॉपात हवा खेळायला जागा कमी असते. आणि मग ती सगळी पोरं एकदम भसकन वाढवायची.

आमचे जावईही त्यातलेच.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. जावयांशी गोड बोलायचं ते थेट. कडू बोलायचं ते लेकीमार्फत. एरवीही असंच, आणि अधिक महिन्यात तर जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला ताटात धोंडे वाढायचे, दिवा ओवाळायचा, नवे कपडे द्यायचे. नारायणाला कोण सांगणार की तुझं चुकतंय म्हणून?

सकाळी मी पुरण घोटत होते. संग्रामराव सोप्यात पाटा उघडून बसले. वैजू दारात कणीक मळत होती, म्हणजे दोघांच्या बरोबर मध्ये.

"कार्डाचा वेग एकदम दोनशेनं वाढवतो, मग झाडी-धुक्यात चित्र अडखळणार नाही," संग्रामराव हात चोळत म्हणाले.

मी वैजूला म्हटलं, "त्यांना विचार गं, थोडं थोडं वाढवून चालणार नाही का?"

संग्रामराव माझ्यापासून तीन हातांवर होते. वैजूनं मान न वळवता सांगितलं, "आई म्हणतीय, थोडं थोडं वाढवा."

"आईंना म्हणावं, मी हे कॉलेजपासून करतोय."

"आई, ते कॉलेजपासून करतायत."

"म्हणावं, बरं."

दोनशे वाढलं. टीव्हीवर आधी हिरवे ठिपके आले, मग जांभळे, मग सबंध घाटावर कुणीतरी रांगोळीचे डबे उपडे केल्यासारखं झालं, आणि पडदा काळा. गिरणी बंद.

"गेला का एकदाचा?" वैजूनं इतक्या आशेनं विचारलं की मला तिची दया आली.

"जात नाही असा. स्वतःला वाचवायला बंद होतो," संग्रामराव म्हणाले, पण कान लाल झाले होते. पाटा पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळं मूळ वेगावर आलं होतं. मग माणूस गप्प बसला आणि नीट कामाला लागला. आणि खरं सांगते, नीट कामाला लागल्यावर त्यांचा हात बघत राहावा असा होता. पाटा उलटा करून खालची जाळी काढली. आत आमच्या पाटणची धूळ, मांजराचे केस, आणि कुठनंतरी एक लवंग. मऊ ब्रशानं सगळं साफ केलं. पाट्याचा मागचा भाग दोन वाट्यांवर उचलून ठेवला, खालनं हवा जावी म्हणून. चार्जिंगची तार लावूनच सगळं. मग पंचवीसनं वेग वाढवला, तपासणीचा एक प्रोग्राम चालवून दिला. तापमान बघितलं. पुन्हा पंचवीस. पुन्हा तपासणी. मी पुरण घोटता घोटता त्या आकड्याकडं उतू जाणाऱ्या दुधासारखी बघत होते.

एका पायरीला कोपऱ्यात एकच हिरवा ठिपका चमकला. संग्रामरावांनी बोट उचललं. "बस. इथनं दोन पायऱ्या मागं. ठिपका दिसला त्याच्या खाली राहायचं, चिकटून नाही राहायचं." मग वैजूकडं न बघता, थेट मला म्हणाले, "आई, बघा आता."

घाट वाहत होता. दुसरा शब्दच नाही. धुकं, झाडी, पानं, सगळं एकसंध, तुपासारखं. वळणावरचा एकेक पांढरा दगड सुटा दिसत होता. मी वाटीभर गरम पुरण, वर तूप, त्यांच्या हातात दिलं. गोड ते थेट.

दुपारी जेवणं झाली. ओवाळून झालं. संग्रामरावांना आम्ही केलेला नवा सदरा पोटावर घट्ट होत होता, पण नारायण काही बोलला नाही. हौसाक्का जावयांच्या सीटवरून शेवटी उठल्या, पण रुमाल तिथंच ठेवून. लोहार मास्तरांनी गळ्यात खरी शिट्टी अडकवली होती. पंखा पाट्याकडं वळवलेला, त्यामुळं प्रवासी घामानं निथळत होते. एसटीसारखं एसटीसारखं म्हणतात ते अगदी खरं झालं होतं.

ह्यांनी बिल्ला लावला होता. स्टेअरिंगवरचे हात स्थिर होते. पण मी बायको, मला मानेवरची शीर दिसत होती.

मास्तरांनी डबल बेल तोंडानं दिली. गाडी निघाली.

पहिलं वळण, दुसरं वळण. "वा, काय पळतीय," कुणीतरी म्हणालं. संग्रामराव मांडीवर मोबाईल धरून त्यात पाट्याचं तापमान आणि बाकीचे आकडे बघत होते. "सत्तर. एकदम सेफ," ते आपल्याशीच म्हणाले. आंबा गेला, म्हणजे ते सुरूचं झाड. धुकं लागलं. झाडी आली. चित्र जरासुद्धा हललं नाही.

डावं वळण आलं. डावीकडं पांढरे दगड, एकेक सुटे, स्वच्छ. मी मोजले असते तर मोजता आले असते. आणि ह्यांनी, तिथं रस्ताच आहे अशा भरवशानं, स्टेअरिंग डावीकडं वळवलं. वेळेच्या फार आधी. मान हलली नाही. डावी चाकं दगडांवर चढली, आणि लाल गाडी सावकाश, कुठंही न अडखळता, दरीत गेली.



"हे कुठनं आलं?" ह्यांनी विचारलं. अगदी हळू. "इथं दगड कवा हुते?"

आणि संग्रामरावांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांचं लक्ष सगळा वेळ आकड्यांवर होतं, गाडीवर नव्हतं. "एकही फ्रेम पडली नाही, चित्र कुठंच अडखळलं नाही!" ते म्हणाले. "बाबा, बघितलंत का? त्या वळणावर सुद्धा नाही! लोण्यासारखं चाललं. कार्डाचा आता काही म्हणजे काही दोष नाही."

 लोहार मास्तर जमिनीकडं बघायला लागले. ह्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवरनं उचलून मांडीवर ठेवले. मग एक हात वर गेला, बिल्ल्याच्या टाचणीकडं.

"जावईबापू," मी म्हणाले.

वैजूनं चमकून माझ्याकडं बघितलं. माझा आवाज गोड नव्हता, आणि तो तिच्यामार्फतही जात नव्हता.

"जावईबापू, तुमचं कार्ड चुकलंय."

"अहो आई, नाही, हे बघा ना, आकडा..."

"आकडा काय सांगता मला? मी बघितलं. चित्र अडखळलं. वळणावर अडखळलं. तुम्ही खाली मान घालून बसला होता. एवढा कॉलेजपासून करताय म्हणून सांगता आणि एक वळण नीट निघत नाही तुमच्या मशिनीला?"

हौसाक्कांचं लिंबू खाली पडलं आणि घरंगळत खुर्चीखाली गेलं. अधिक महिन्यात, ओवाळून तासही झाला नाही, सासूनं जावयाला भर गल्लीसमोर तोंडावर सुनावलं. हौसाक्का ते पुढं कितीतरी वर्षं सांगत होत्या. "शालन डोक्यानं जरा फिरली हुती त्या दिवशी," असं.

संग्रामराव लाल झाले. तोंड उघडलं. कुठलाही पुरुष उघडेल तसंच, स्वतःची बाजू मांडायला. माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं नाही, सगळ्यांसमोर खुणावणार तरी काय? मग त्यांची नजर माझ्यावरनं ह्यांच्यावर गेली. मांडीवरचा तो एक हात. टाचणीवरची ती दोन बोटं. समोर टीव्हीवर दरीत पडलेली गाडी आणि तिच्यावर, स्वच्छ, पांढऱ्या दगडांची रांग.

त्यांनी तोंड मिटलं. मोबाईल उपडा ठेवला.

"हो," ते म्हणाले. "आईंचं बरोबर आहे. अडखळलं." घसा खाकरला. "हे बघा बाबा, जास्त ताणलं मी. वरनं कळत नाही, पण आत गडबडतं. माझीच चूक. तुमचा हात बरोबर होता. चित्र मागं राहिलं."

"पण आत्ता तर म्हणालात लोण्यासारखं," लोहार मास्तर बोलले. भले गृहस्थ, पण कंडक्टर. हिशेब जुळल्याशिवाय चैन नाही.

"मास्तर, मी शहाणपणा करायला गेलो," संग्रामराव म्हणाले. "पुण्याच्या माणसाचं असंच असतं."

त्यावर मात्र सगळी गाडी खळखळून हसली. पुण्याचं म्हटल्यावर कुणालाही पटलं. वैजू हसली नाही. ती नवऱ्याकडं बघत होती, लग्नानंतर पहिल्यांदाच बघावं तसं.

संग्रामराव पाट्यावर वाकले. मी त्यांच्या शेजारी उभी होते, म्हणून मला दिसलं. सकाळभर पंचवीस-पंचवीसनं चढवलेला वेग त्यांनी एका झटक्यात उतरवला. मूळ आकड्यावर थांबले नाहीत. त्याच्याही खाली नेला, बराच खाली. जो माणूस चार फ्रेमसाठी बायकोशी अबोला धरायचा, त्यानं ते केलं.

"आता हळू चालेल," ते म्हणाले. "जरा जास्तच अडखळेल. पण तापणार नाही. बाबा, एकदा बघता का?"

ह्यांची टाचणीवरची बोटं तिथंच होती.

"बघा हो," मी म्हटलं. "माणसं बसलीयत."

गाडी पुन्हा घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली. निघाली ती कशी, तर बैलगाडीसारखी. सपाटीलाच चित्र धक्के खायला लागलं. मागनं कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर दिसतंय सरळसरळ अडखळताना." हौसाक्का म्हणाल्या, "देवा, पिशवी कुठंय?"

आणि ह्यांचे खांदे खाली आले. इतका वेळ वर धरलेले खांदे. "हां," ते म्हणाले. "हां, आता कळतंय. दगा देतंय चित्र." मग, समोरच बघत, "शालन, फुडं ये. असल्या मशिनीवर एकट्यानं चालवायचं म्हंजे गुन्हा हाय. तू डावी बाजू बघ."

मी खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या हाताला बसले.

आंबा गेला. धुकं आलं.

"दगड आले," मी म्हटलं. "अजून आहेत. सरळ ठेवा. सरळच. आता थोडं उजवं... बास. आता वळवा. वळवा, वळवा, जागा आहे. चला."

चित्रानं एक गचका खाल्ला. गाडी वळणापलीकडं रस्त्यावर होती.

सोप्यात एवढा गलका झाला की शेजारचं पोर रडत उठलं. लोहार मास्तरांनी खरी शिट्टी फुंकली. हौसाक्कांनी अखेर पिशवी वापरली आणि तरीही टाळ्या वाजवल्या. ह्यांनी मागं वळून बघितलं नाही. चालती गाडी सोडून ड्रायव्हर मागं बघत नाही. घाट उतरून, गाडी स्टँडला लावून, हँडब्रेक ओढून, मगच त्यांनी शर्टावरचा बिल्ला सरळ केला.

माणसं पांगली. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले तेव्हा संग्रामराव पाट्याच्या तारा गुंडाळत होते. ते म्हणाले, "बाबा, पुढच्या वेळी येताना नवीन कार्डाचा लॅपटॉपच बघतो. मग हे अडखळणंच नको."

हे पाणी प्यायले. तांब्या माझ्या हातात ठेवायला हात पुढं केला, डावीकडं जरासा चुकला. मी सरकून तो घेतला.

"नका बापू," ते म्हणाले. "हे कार्ड हाय तसंच राहू द्या."